अहेव नवमी आणि आजीचे नाव : मराठी घरातील मातृस्मरणाचा इतिहास

घरातील वडीलधाऱ्या स्त्रीची आठवण मराठी समाजाने कशी जपली, हा प्रश्न वंशावळी, शकावल्या आणि बखरी यांच्या आधारे सोडवू पाहणाऱ्या अभ्यासकाच्या हाती फारसे काही लागत नाही, कारण ही साधने बहुतांशी पुरुषांच्या नावांनी भरलेली आहेत. तीच आठवण तिथी, ओव्या, गोधड्या, टाक आणि नामकरण यांत शोधली, तर मात्र ती विपुल सापडते. या दुसऱ्या प्रकारच्या स्मरणात स्त्रीचे श्रम, तिचा स्वभाव आणि तिच्या हाताची चव टिकून राहते, परंतु तिचे नाव बहुधा हरवते. हे नाव केव्हा आणि कोणत्या वाटेने हरवले याचा मागोवा घेणे म्हणजे मराठी कुटुंबाच्या स्मृतीचाच इतिहास पाहणे होय.

महाराष्ट्रातील या इतिहासाचा आरंभ, थोडा अनपेक्षितपणे, एका आजीने स्वतःच कोरवून घेतलेल्या लेखाने होतो. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील, लोकांच्या तोंडी पांडवलेणी म्हणून रुळलेल्या लेण्यांपैकी तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या 19व्या वर्षी कोरलेला एक प्राकृत लेख आहे. हे लेणे भिक्षुसंघाला दान देणारी गौतमी बलश्री ही गौतमीपुत्र सातकर्णीची आई आणि पुळुमावीची आजी होती, आणि लेखात तिने आपली ओळख महाराजाची माता व महाराजाची पितामही अशी दोन्ही नात्यांनी करून दिली आहे. लेखाचा मोठा भाग तिच्या दिवंगत पुत्राच्या पराक्रमाच्या वर्णनाने व्यापला असला, तरी सत्य, दान, क्षमा, अहिंसा, तप आणि उपवास यांत रमलेली स्त्री म्हणून ती स्वतःचेही वर्णन करते, आणि पुत्राच्या अनेक विशेषणांत आईची अखंड सेवा करणारा हेही एक विशेषण घालते. राजाच्या विजयांच्या यादीत मातृसेवेला जागा मिळावी, यात त्या वृद्ध स्त्रीचा अधिकारही दिसतो आणि मुलामागे उरलेल्या आईचे दुःखही.

‘गौतमीपुत्र’ आणि ‘वासिष्ठीपुत्र’ ही नावे मातृनामे आहेत, म्हणजे आईच्या गोत्रावरून मुलाला लाभलेली नावे. त्यावरून सातवाहनांचे राज्य मातृसत्ताक होते असा निष्कर्ष कधीकधी काढला जातो, तो घाईचा आहे, कारण गादी बापाकडून मुलाकडेच जात होती. तथापि अनेक राण्या असलेल्या घराण्यात हा पुत्र कोणत्या स्त्रीच्या पोटचा हे सांगणे महत्त्वाचे मानले जात होते आणि त्यासाठी आईची खूण मुलाच्या नावात उघडपणे वागवली जात होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात याच घराण्यातील राणी नागनिकेशी जोडला जाणारा, यज्ञांची आणि दक्षिणांची नोंद करणारा दीर्घ लेख आहे, आणि तेथील भिंतीत कोरलेल्या राजपरिवाराच्या प्रतिमांत तिचीही प्रतिमा होती; आज त्या प्रतिमा नष्ट झाल्या असून त्यांच्या माथ्यावरची नावे मात्र वाचता येतात.

यानंतरच्या काळात दगडावर स्त्रीची आठवण राहिली ती वेगळ्या प्रकारची. गावोगावी वेशीजवळ किंवा देवळाच्या आवारात दिसणाऱ्या सतीशिळांवर कोपरात दुमडलेला, बांगड्यांनी भरलेला हात आणि वर चंद्रसूर्य कोरलेले असतात. बांगड्या ही सौभाग्याची खूण, आणि चंद्रसूर्य ही आठवण चिरकाल टिकावी या इच्छेची. परंतु या शिळांवरील स्त्री पतीबरोबर चितेवर गेलेली आहे. पती गेल्यानंतर चाळीस वर्षे जगून, मुले वाढवून, दुष्काळात धान्याची कणगी पुरवून वापरणाऱ्या स्त्रीसाठी गावाने शिळा उभारली नाही. मरण्याला दगड मिळाला आणि जगण्याला मिळाला नाही, ही या प्रदेशाच्या स्मारकांतील मोठीच उणीव मानावी लागते.

जी गोष्ट दगडाने केली नाही ती काही प्रमाणात श्राद्धाने केली. श्राद्धविधीत तीन पिढ्यांचे स्मरण असते, आणि भाद्रपदाच्या वद्य पक्षातील महालयात, ज्याला मराठीत पितृपक्ष किंवा नुसता पक्ष म्हणतात, पिता, पितामह आणि प्रपितामह यांच्या बरोबरीने माता, पितामही आणि प्रपितामही यांनाही पिंड दिले जातात. लग्नमुंजीसारख्या मंगलकार्याच्या आधी होणाऱ्या नांदीश्राद्धात तर क्रम उलटतो आणि आई, आजी, पणजी या तिघींचा उल्लेख पुरुषांच्या आधी होतो. गयेला जाऊन करावयाच्या विधींमध्ये मातृषोडशी नावाचा भाग आहे, त्यात आईला सोळा पिंड दिले जातात आणि प्रत्येक पिंडाबरोबर तिने मुलासाठी सोसलेले एकेक दुःख उच्चारले जाते: गर्भाचा भार, प्रसूतीच्या कळा, बाळंतपणात प्यावे लागलेले कडू काढे, रात्री मुलाने भिजवलेले अंथरूण, मुलाच्या आजारात झालेली तिची तगमग. कर्मकांडाच्या एरवीच्या कोरड्या भाषेत ओल्या अंथरुणाचा उल्लेख येणे ही साधी बाब नाही. हे विधी रचणाऱ्यांना पोर वाढवण्याच्या कष्टांची जाण होती, हे त्यातून कळते. गुजरातेतील सिद्धपूर येथील बिंदुसरोवर हे मातृगयेचे क्षेत्र मानले जाते, कारण कपिल मुनीने आपली आई देवहूती हिला तेथे उपदेश केला अशी कथा आहे, आणि केवळ आईच्या श्राद्धासाठी महाराष्ट्रातील कुटुंबेही तेथवर जात आली आहेत.

या सगळ्यांत मराठी घरांशी सर्वांत जवळचा दिवस म्हणजे भाद्रपद वद्य नवमी, अर्थात अविधवा नवमी. बोलीत तिला अहेव नवमी म्हणतात. संस्कृत ‘अविधवा’ या शब्दाचे प्राकृतातून झिजत आलेले रूप म्हणजे ‘अहेव’, आणि कुंकू असताना येणाऱ्या मृत्यूला ‘अहेव मरण’ म्हणण्याची चाल आहे. पती हयात असताना मरण पावलेल्या स्त्रीच्या नावे या दिवशी श्राद्ध होते, एका सवाष्णीला, म्हणजे सौभाग्यवती स्त्रीला, जेवू घालतात, तिची खणानारळाने ओटी भरतात, तिला बांगड्या, हळदकुंकू आणि ऐपतीप्रमाणे लुगडे देतात. जेवायला बसलेली सवाष्ण ही त्या दिवसापुरती गेलेल्या बाईच्या जागी असते, म्हणून तिच्या पानात गेलेलीच्या आवडीचा पदार्थ वाढला जातो, आणि त्या निमित्ताने ती कशी होती हे घरातील नव्या माणसांना कळते. कित्येक घरांत पतीचेही निधन झाले की ही नवमी थांबवतात आणि पुढे दोघांचे श्राद्ध महालयाच्या एकाच दिवशी होते, म्हणजे स्त्रीच्या वेगळ्या आठवणीची मुदतही पतीच्या आयुष्याएवढी ठरते.

या नवमीची खरी मर्यादा मात्र तिच्या नावातच आहे. बालविवाहाच्या काळात, विशेषतः वरच्या जातींत, पतिपत्नींच्या वयात दहा-पंधरा वर्षांचे अंतर असणे सामान्य होते, बिजवराशी लग्न झाले तर ते आणखी वाढे, आणि त्यामुळे जी स्त्री साठी-सत्तरीपर्यंत जगे ती बहुतेक वेळा विधवा असे. म्हणजे ज्या स्त्रीने घर सर्वाधिक काळ सांभाळले, जिच्या कमरेला कोठीच्या किल्ल्या होत्या, जिच्याशिवाय एकही बाळंतपण पार पडत नव्हते, तीच या सन्मानाच्या बाहेर राहिली. तिला तिच्या तिथीचे श्राद्ध मिळे, परंतु हयातीत तिला ओटी भरता येत नव्हती, मंगलकार्यात पुढे होता येत नव्हते, आणि ब्राह्मण घरांत केशवपन होऊन लाल आलवणात तिचे उरलेले आयुष्य जाई. पाट लावण्याची, म्हणजे विधवेच्या पुनर्विवाहाची, रूढी असलेल्या समाजांत केशवपन नव्हते, तरी कुंकू आणि बांगड्या तेथेही उतरत. घराचा आधार आणि घरातील अशुभ ही दोन्ही नाती एकाच स्त्रीच्या वाट्याला यावीत, हा मराठी कुटुंबाने आपल्या आज्यांवर केलेला अन्याय होता, आणि त्याची भरपाई कोणत्याही तिथीने झालेली नाही.

या रूढीच्या चौकटीतही विधवा आईचा अधिकार किती पोचू शकत होता याची साक्ष अठराव्या शतकात पेशव्यांच्या घरात मिळते. सिन्नरजवळच्या डुबेरे येथील बर्वे घराण्यातील राधाबाई ही भट घराण्यातील पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची पत्नी आणि बाजीराव व चिमाजी अप्पा यांची आई. 1720 मध्ये तिला वैधव्य आले. त्यानंतर 1735-36 मध्ये तिने काढलेली काशीयात्रा मराठी राज्याच्या दृष्टीने राजकीय घटनाच ठरली, कारण उदयपूर आणि जयपूरच्या दरबारांनी पेशव्यांच्या मातुश्रींचा सत्कार केला आणि ज्या मुलखात मराठी फौजांचे भय होते त्या मुलखातून ती वृद्ध स्त्री सुखरूप जाऊन आली. 1740 या एकाच वर्षी तिचे दोन्ही कर्ते पुत्र गेले, चिमाजीची पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेली, आणि राधाबाई त्यानंतरही 1753 पर्यंत, नातवाच्या कारकिर्दीत, शनिवारवाड्यातील वडीलधारी म्हणून जगली. आधीच्या शतकातील जिजाबाईंच्या वाट्याला निदान रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे समाधी आली. 6 जून 1674 रोजी पुत्राचा राज्याभिषेक पाहून अकराच दिवसांनी, 17 जूनला, त्या तेथे वारल्या. राधाबाईची आठवण मात्र पत्रव्यवहारातील ‘मातुश्री’ या शब्दातच अधिक उरली आहे.

‘मातुश्री’ हा शब्दच नावाच्या लोपाची पहिली पायरी दाखवतो. लग्नात ताम्हणात तांदूळ पसरून वर सोन्याच्या अंगठीने वधूचे नवे नाव लिहितो, आणि त्या क्षणी तिचे माहेरचे नाव माहेरच्या माणसांपुरते उरते. सासरी आल्यावर नवे नावही फार काळ चालत नाही, कारण मुले, दीर, पुतणे आणि शेजारी तिला माई, ताई, आक्का, जिजी, काकी, बय, थोरली अशा नात्याच्या किंवा मानाच्या संबोधनाने हाक मारू लागतात आणि एकत्र कुटुंबात मुले बहुधा इतरांची हाकच उचलतात, त्यामुळे स्वतःच्या आईला ‘वहिनी’ म्हणणारी मुले मराठी घरांत दुर्मिळ नव्हती. सुनेने सासूचे नाव घ्यायचे नसते. पतीचे नाव घेण्यासाठी निदान उखाण्याची सोय होती, सासूच्या नावासाठी तशी कोणतीही वाट नव्हती. गेलेल्या आजीचे नाव नातीला ठेवून तिला परत आणण्याची हौस मात्र दांडगी होती, आणि तेथेच पेच पडे: सुनेला ते नाव उच्चारता येत नसल्यामुळे नातीला घरात दुसऱ्याच नावाने हाक मारली जाई, आणि आजीचे नाव पाळण्यात ठेवूनही पुन्हा मौनात जाई. त्यामुळे स्त्रीचे नाव स्पष्ट उच्चारण्याची गरज पडे ती वर्षातून एकदा, श्राद्धाच्या संकल्पात, पुरोहिताने विचारल्यावर. आणि तेव्हा सांगितले जाई तेही तिचे सासरचे नाव.

नाव हरवले तरी हात आणि वस्त्र यांची आठवण टिकली, आणि ती नावापेक्षा अधिक जिवंत होती असे मानण्यास जागा आहे. ‘आजीबाईचा बटवा’ हा आता घरगुती औषधांसाठी रूढ झालेला शब्दप्रयोग मुळात एका खऱ्या कापडी पिशवीचा निर्देश करतो, जिच्यात वेखंड, सुंठ, जायफळ, हळकुंड, मुरुडशेंग आणि बाळहिरडा असत आणि सहाणेवर यांचे मोजून वळसे उगाळून तान्ह्या मुलाला बाळगुटी दिली जाई. कशाचे किती वळसे हे कोठेही लिहिलेले नसे. ते सासूकडून सुनेला पाहून कळे, आणि पुढे कित्येक वर्षे सहाणेशी बसलेली स्त्री नकळत आपल्या सासूच्या हाताची गती गिरवत राही. गोधडीचेही तसेच. नऊवारी लुगडी जुनी होऊन मऊ पडली की त्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेले पांघरूण म्हणजे गोधडी. देशावर जाडसर गोधडीला वाकळ असेही म्हणतात. धुऊन धुऊन विरलेले सुती कापड अंगाला टोचत नाही म्हणून आजीचे लुगडे नवजात बाळाच्या दुपट्यासाठी राखून ठेवत, आणि अशा रीतीने जिला नातवंडाने कधी पाहिले नाही तिच्या वस्त्रात त्याचे पहिले दिवस जात. गोधडी फाटली की ती टाकून न देता नव्या गोधडीच्या पोटात घालत, त्यामुळे जुन्या वाकळीत दोन-तीन पिढ्यांच्या बायकांची लुगडी एकत्र सापडू शकतात.

देवघरातील टाक हा याहून गंभीर प्रकार. टाक म्हणजे चांदी, तांबे किंवा पितळ यांच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली लहान प्रतिमा. मराठा, कुणबी, धनगर आणि इतर अनेक समाजांच्या देवघरांत कुलदैवतांच्या टाकांबरोबर पूर्वजांचेही टाक असतात आणि सणावारी त्यांना उजळून पूजतात. पहिली बायको वारल्यावर दुसरी करून आणली तर पहिलीच्या नावाचा टाक दुसरीने गळ्यात घालायचा, अशीही चाल होती. तिच्यामागे गेलेलीचा कोप टाळण्याची भीती होती हे खरे, तथापि आपल्या आधी या घरात कोणी एक होती ही जाणीव दुसरीच्या गळ्यात रोज राहत असे, हेही तितकेच खरे.

स्त्रियांनी स्वतः केलेले स्मरण या सर्वांहून वेगळे आहे, आणि ते जात्यावर झाले. पहाटे दोन स्त्रिया समोरासमोर बसून खुंटा ओढताना ज्या दोन-तीन चरणांच्या रचना म्हणत त्या ओव्या. त्यांत माहेर हा विषय अखंड येतो आणि माहेर म्हणजे मुख्यतः आई. आई असेतो माहेर, ती गेली की उंबरठा तोच राहूनही घर परके होते आणि भावजयीच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते, हा भाव या ओव्यांत पुनःपुन्हा भेटतो. अहेव मरणाची आसही त्यांत आहे, आणि वैधव्यात जगणाऱ्या बाईची अवस्था रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या स्त्रियांनी ती धरली, यात नवल नाही. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ या ग्रंथात अशा ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या संकलनांतून हे काम पुढे नेले, आणि हेमा राईरकर व गी पॉइतवँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक हजाराहून अधिक खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. पिठाच्या गिरण्या आल्या, बायकांचे कष्ट हलके झाले, आणि त्या कष्टांबरोबर वाढलेले गाणेही थांबले. हे संकलन वेळेवर झाले नसते, तर आईविषयी मुलींनी रचलेला हा सारा ठेवा शेवटच्या जात्याबरोबर गेला असता.

छापील मराठीत आईचे स्मरण प्रथम मुलांनी केले असे वाटते, परंतु घरातील वडील स्त्रियांचे स्पष्ट चित्र आधी सुनांनी काढले. रमाबाई रानडे यांच्या 1910 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत, नवऱ्याच्या इच्छेने शिकू लागलेल्या सुनेला घरातल्या मोठ्या बायकांनी कसे छळले हे संयमाने सांगितले आहे, आणि घरची वडील स्त्री नेहमीच मायाळू असते या समजाला त्यातून आवश्यक ते उत्तर मिळते: जिने सोसले तिनेच पुढे सोसायला लावले, असेही पुष्कळ घरांत घडले. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933 मध्ये अवघ्या काही दिवसांत लिहिलेली आणि 1935 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ ही 1917 मध्ये वारलेल्या आईला मुलाने दिलेली तिलांजली होती. श्राद्धाची कल्पना येथे विधीतून पुस्तकात आली आणि एका घराची आई साऱ्या महाराष्ट्राची झाली. परंतु शीर्षकाकडे पाहिले तर दीड-दोन हजार वर्षांत काय उलटले हे कळते: सातवाहन राजा आईच्या नावाने ओळखला जाई, आणि विसाव्या शतकातील सर्वांत प्रिय मराठी आई मुलाच्या नावाने ओळखली जाते.

या पार्श्वभूमीवर बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण मोलाचे ठरते. 1880 मध्ये खानदेशातील असोदे येथे जन्मलेली, अक्षर न शिकलेली, ऐन तारुण्यात विधवा झालेली ही शेतकरी स्त्री जात्यावर, चुलीपुढे आणि शेतात काम करताना गाणी रचत राहिली, आणि तिचा मुलगा, कवी सोपानदेव चौधरी, व त्याचा मावसभाऊ यांनी त्यांतली काही कागदावर उतरवून घेतली. 3 डिसेंबर 1951 रोजी ती वारल्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. मुलाने येथे आईविषयी लिहिले नाही, आईचेच शब्द लोकांपुढे ठेवले, आणि पुस्तकावर तिचे नाव राहिले. 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठालाही ते मिळाले. ऊर्मिला पवार यांच्या 2003 मधील ‘आयदान’ या आत्मचरित्राने हेच स्मरण श्रमाच्या अंगाने केले आहे. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू, सुपे, टोपल्या. पतीच्या मृत्यूनंतर त्या विणून मुले शिकवणाऱ्या कोकणातील दलित आईच्या बोटांची वीण आणि आपल्या लेखनाची वीण लेखिका एकच मानते.

अलीकडच्या काळात या इतिहासात दोन नोंदी पडल्या आहेत. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे आणि मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. अविधवा आणि विधवा यांच्यातली जी भिंत या नवमीला तिचे नाव देऊन गेली, तिच्यावर गावानेच केलेला हा आघात आहे. 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावाची नोंद मूल, आई, वडील आणि आडनाव या क्रमाने शासकीय कागदपत्रांत करण्याचा नियम महाराष्ट्रात लागू झाला, आणि बलश्रीच्या काळाप्रमाणे आईची खूण पुन्हा मुलाच्या नावात आली, या वेळी सक्तीने. आजी या रचनेत नाही. तिचे नाव अजूनही पक्षाच्या दिवशी, संकल्प सांगणाऱ्या पुरोहिताने विचारल्यावर, तिथ्या लिहिलेल्या जुन्या वहीत शोधावे लागते, आणि त्या नावाखालचे माहेरचे नाव सांगू शकेल अशी एखादी वृद्ध नणंद किंवा आत्या घरात असली, तर तेही कळते.